गुलबर्ग्यावरून गेलेला चषक

बिदरच्या नेहरू स्टेडियमवर सकाळी साडेसहाला पोचलो तेव्हा तीन बाजूंना क्रिकेट चालू होतं आणि उरलेल्या कोपऱ्यात सात-आठ पोरं फुटबॉल खेळत होती. इकडचा गोल म्हणजे दोन चपला, तिकडचा म्हणजे दोन दप्तरं. बिदरची माती तांबडी, जांभ्याची. चेंडू कधीकाळी पांढरा असावा, आता विटेच्या रंगाचा झाला होता. एकाच्याच पायात बूट होते, बाकीचे सगळे अनवाणी. बूटवाल्यानं गोलीच व्हायचं, असा त्यांचा नियम. बुटाचा पाय पायावर पडला तर बोटं फुटतात, म्हणून तो पुढे खेळायला यायचा नाही.

कन्नड, दखनी आणि मराठी, तिन्ही भाषा एकाच वाक्यात येत होत्या. खेळ थांबल्यावर विचारलं, तुमची आवडती टीम कोणती? दोघांनी माद्रिदचं नाव घेतलं, तिघांनी बार्सिलोनाचं, एकानं बेंगळुरूचं. मग विचारलं, सिटी पोलीस माहीत आहे का? गोली म्हणाला, "अंकल, माझा काका पोलिसात आहे, पण इथंच, गांधी गंजला."

त्याचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबरच होतं. हैदराबाद सिटी पोलीस या फुटबॉल संघाचं नाव मलाही पुस्तकातून नाही, वडिलांकडून मिळालं. आम्ही मूळचे भालकीचे. वडील १९५० ते १९५४ हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात शिकायला होते. त्या काळात भालकी, बिदर, औराद, कल्याणी इथल्या मुलाला पुढे शिकायचं तर हैदराबादच गाठावं लागे. वडील स्वतः कधी चेंडूला पाय लावणारे नव्हते. पण रात्री जेवताना ते रहीमसाहेब, नूर महंमद, अजीजुद्दीन ही नावं अशी घ्यायचे की आम्हा भावंडांना ती नात्यातलीच माणसं वाटायची. "पाच वर्षं मी तिथं होतो आणि पाचही वर्षं कप आपल्याकडे होता," हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. वडील गेल्यावर एकदा मनात आलं, हा 'आपल्याकडे' म्हणजे नेमका कुणाकडे? आणि कप गेला कुठून, आला कुठून? बिदर ते मुंबई हा प्रवास मी त्याच्या शोधात केला.

तो कप म्हणजे रोव्हर्स चषक. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा. तिच्याआधीची देशातली मोठी स्पर्धा म्हणजे १८८८ची ड्युरँड. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटनं जिंकला आणि पुढची पंचेचाळीसेक वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघानं तो प्रथम भारतीयांच्या हातात आणला. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. १९५० साली याच संघानं ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानलाही हरवलं. पहिल्या दिवशी २-२ अशी बरोबरी झाली आणि पुन्हा झालेल्या सामन्यात १-०. कलकत्ता म्हणजे फुटबॉल अशी साऱ्या देशाची समजूत असताना दख्खनच्या एका पोलीस खात्यानं हे करून दाखवलं होतं.

बिदर स्टेशनवरून कलबुर्गीची, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्याची, गाडी पकडली. ही लाइन अगदी नवी, २९ ऑक्टोबर २०१७ला सुरू झालेली, ११० किलोमीटरची. त्याआधी बिदरहून गुलबर्ग्याला रेल्वेनं जायचं तर तेलंगणातल्या विकाराबादचा वळसा पडे. शेजारचे दोन जिल्हे, आणि मधे रूळ पडायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली. खानापूर जंक्शनला जुनी परळीची लाइन सुटते आणि गाडी हुमनाबादकडे वळते. हुमनाबादला माणिकप्रभूंच्या दर्शनाला आलेली नांदेडकडची मंडळी उतरली, डब्यातलं मराठी एकदम कमी झालं आणि कन्नड वाढलं. कमलापूरच्या अलीकडे बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर आलो की खाली उतरत जाणारा मुलूख दिसतो. तांबडी माती बघता बघता संपते आणि काळी लागते. तुरीची शेतं सुरू होतात.

मातीचं एवढं सांगण्याला कारण आहे. बिदरच्या पठारावर पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, तासाभरात मैदान खेळण्याजोगं होतं. कलबुर्गीच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. खेळायचं तर मुरूम टाकून, रोलर फिरवून मैदान करावं लागतं. म्हणजे पैसा लागतो आणि रोज बघणारं माणूस लागतं. एखाद्या भागात एखादा खेळ का रुजत नाही याची कारणं लोक स्वभावात शोधतात. मला वाटतं, आधी जमीन बघावी, मग त्या जमिनीवर कुणी किती खर्च केला ते बघावं.

समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. पांढरी टोपी, धोतर, हातात औषधांची पिशवी. ऐंशी कधीच ओलांडलेली. मी कशासाठी निघालोय ते सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोलिसांचं नाव आमच्या घरात कुणी प्रेमानं घेत नव्हतं बघा. तुम्ही शहरातलं सांगता. आम्ही गोरट्याकडचे."

गोरटा हे नाव बिदर जिल्ह्यात नुसतं उच्चारलं तरी पुरतं. मे १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्या गावात हत्याकांड केलं. सप्टेंबरात भारतीय लष्कराची 'पोलीस ॲक्शन' झाली, १७ तारखेला निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच हैदराबादच्या पोलिसांचा संघ मुंबईत चषक जिंकत होता. आपल्या भागातल्या मराठी घरांत त्या विजयाचा आनंद का पोचला नाही, हे त्या बाबांनी तीन वाक्यांत सांगून टाकलं. माझे वडील वसतिगृहात होते, वीस वर्षांचे होते, मैदानावर जात होते. त्यांना त्या संघात खेळाडू दिसले. गावाकडे राहिलेल्याला फक्त वर्दी दिसली असेल. दोन्ही खरं आहे. ते खेळाडू अत्याचारी नव्हते, गोरगरीब मोहल्ल्यांतली पोरं होती, खेळामुळे नोकरी मिळालेली. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला हे समजावून सांगायला जाणारा मी कोण? बाबा कलबुर्गीला उतरताना म्हणाले, "लिहा तुम्ही, पण दोन्ही लिहा." त्यांचा शब्द राखतो आहे.

कलबुर्गीत उतरून रिक्षावाल्याला "एन. व्ही. मैदान" सांगितलं की तो काही विचारत नाही. एन. व्ही. म्हणजे नूतन विद्यालय. निजामाच्या राज्यात मराठी मंडळींनी मोठ्या कष्टानं ज्या खासगी शाळा उभ्या केल्या, त्यांतली ही एक, १९०७ सालची. दुपारी त्या मैदानावर उन्हाचा नुसता जाळ होता. कडेच्या झाडाखाली दोन म्हातारे बसले होते, मधे एक कुत्रं झोपलं होतं. मी सावलीत बसून पाणी प्यायलो आणि रहीमसाहेबांचा विचार करत राहिलो. कारण तेही मुळात शाळामास्तरच.

सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९. हैदराबादच्या शाळांतून शिकवायचे. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि १९५० साली सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. मास्तर असल्यामुळेच असेल, त्यांच्या डोक्यात खेळ हा शिकवण्याचा विषय होता. त्यांनी 'ड्रिबलिंग बंद' अशा स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की पायाशी घोळवायचा नाही, लगेच सोबत्याला द्यायचा. ज्याचा उजवा पाय चालतो त्याला फक्त डाव्यानं खेळायला लावणाऱ्या स्पर्धाही घेतल्या. वरवर हा पोरखेळ वाटतो. पण असं खेळून तयार झालेला खेळाडू चेंडू यायच्या आधीच मान वर करून बघतो, पुढचा सोबती कुठं आहे ते हेरतो. मोठ्या ताकदीच्या संघांना हैदराबादच्या सडपातळ पोरांनी जे दमवलं ते याच सवयीवर. बिदरच्या मैदानावर सकाळी बघितलेला तो बूटवाल्याचा नियम रहीमसाहेबांना आवडला असता.

हे मास्तर पुढे भारताच्या संघाचेही प्रशिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळालं. १९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मार बसला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत, आणि त्यानंतरच बूट सक्तीचे झाले. मग १९५६.

या एका वर्षाशी मी एन. व्ही. मैदानावर बराच वेळ अडलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपलं. गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आमच्या बिदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मराठवाड्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. भावकी तीन राज्यांत वाटली गेली. आणि बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबर १९५६ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. तीन गोल मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. संघात नूर महंमद, अजीजुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते, प्रशिक्षक रहीमसाहेब होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेलेला आशियातला तो पहिला संघ. ज्या राज्यानं ही माणसं घडवली ते नकाशावरून पुसून तीस दिवस झाले होते.

म्हणून वडिलांचा 'आपल्याकडे' कुणाचाच राहिला नाही. आंध्रानं तो वारसा घेतला, सिटी पोलीसचा पुढे आंध्र पोलीस झाला आणि १९६०च्या दशकातही त्यांनी रोव्हर्स जिंकला. कर्नाटकाचा फुटबॉल बंगलोरला, महाराष्ट्राचा मुंबई-कोल्हापूरला. आम्ही सीमेवरचे, एका अर्थानं तिन्हीकडचे, या खेळात कुठलेच नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम उलट दिशेला, वाडी जंक्शनला गेलो. कलबुर्गीहून सदतीसेक किलोमीटर. वाटेत शहाबाद लागतं. महाराष्ट्रातल्या ज्या ज्या घरात 'शहाबादी फरशी' आहे त्या घराच्या पायाखाली या गावचं नाव आहे. रुळांच्या दोन्ही अंगांना राखाडी दगडांच्या थप्प्या लागलेल्या दिसतात. वाडीला हैदराबादकडून येणारी लाइन मुंबई-मद्रास मार्गाला मिळते. निजामाच्या रेल्वेनं ती १८७४ साली टाकली. हैदराबादहून मुंबईला यायचा सरळ मार्ग तेव्हाही हाच होता. वाडी, गुलबर्गा, सोलापूर, पुणे. म्हणजे १९५० ते १९५४ या पाच वर्षांत सिटी पोलीसची पोरं जिंकून परतली असतील ती बहुधा याच फलाटांवरून. कप गुलबर्ग्यावरून गेला असणार, कदाचित गाडी पाच-दहा मिनिटं थांबलीही असेल. तेवढाच काय तो आमच्या जिल्ह्यांचा आणि त्या चषकाचा संबंध.

वाडीला मुंबईची रात्रीची गाडी पकडली आणि सोलापूरपर्यंत जागाच होतो. मोबाइलवर जपानचा एक सामना बघत होतो. नोव्हेंबर २०२४चा, तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवरचा, सम्राट चषकाचा अंतिम सामना. व्हिस्सेल कोबे विरुद्ध गांबा ओसाका. दोन्ही पहिल्या फळीतले क्लब. कोबेनं १-० असा जिंकला. गोलाआधीचे पास मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितले. चेंडू कुणी पायाशी ठेवत नव्हतं. रहीमसाहेबांची ड्रिबलिंगबंदी माझ्या समोर चालली होती, फक्त मैदान जपानी होतं.

जपानचं नाव उगीच काढत नाही. सम्राट चषक १९२१चा, आपल्या रोव्हर्सपेक्षा तीस वर्षांनी धाकटा. १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांत भारतानं जपानला २-० असं हरवलं होतं, गोल पी. के. बॅनर्जी आणि आमच्या बलरामचे. मग अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं खंगलेले होते, जून १९६३ मध्ये गेले. जपाननं १९६० सालीच जर्मनीहून डेटमार क्रामर हे प्रशिक्षक बोलावून घेतले होते. १९६८ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळालं. तिथले मोठे संघही सुरुवातीला क्लब नव्हतेच, कंपन्यांचे संघ होते. फुरुकावा इलेक्ट्रिकनं १९६० साली सम्राट चषक जिंकला, जसा आपल्याकडे पोलीस खात्यानं रोव्हर्स. इथपर्यंत दोघांची वाट सारखीच होती.

पुढचा फरक पैशाचा आहेच, पण मला त्याहून मोठा फरक वाटेचा वाटतो. सम्राट चषकात जपानच्या ४७ प्रांतांतून प्रत्येकी एक संघ येतो. प्रांतात जिंका आणि देशाच्या चषकात मोठ्या क्लबांसमोर उभे राहा. २०२२ साली हा चषक वेंटफोरे कोफू या दुसऱ्या फळीतल्या संघानं पहिल्या फळीच्या सानफ्रेचे हिरोशिमाला पेनल्टींवर हरवून जिंकला. कोफू हे डोंगरांच्या कुशीतलं, दोन लाखांच्या आतबाहेर वस्तीचं शहर. बिदरही तेवढंच आहे. कोफूच्या पोराला मैदानावरून चषकापर्यंत जाणारी पायवाट ठाऊक असते. बिदरच्या त्या गोलीला विचारलं, की तू चांगला खेळलास तर पुढे कुठं जाशील? तर त्याला सांगता येणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पहाटे मुंबईत उतरलो. चहा घेऊन ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत कूपरेजला गेलो. पिंपं बनवण्याच्या जुन्या कारखान्यावरून या मैदानाला हे नाव पडलं. सभोवार उंच इमारती, मधे हिरवं कृत्रिम गवत. फाटक बंद होतं. गजांतून बघितलं तर आत नळीनं पाणी मारत एक माणूस फिरत होता. वडील इथं कधी आले नाहीत. पाच वर्षं त्यांनी हैदराबादमध्ये बसून याच मैदानावरच्या निकालाची वाट बघितली, आणि १९५५ साली मोहन बागाननं सिटी पोलीसची मालिका संपवली तेव्हा ते पदवी घेऊन भालकीला परत आलेले होते. पाणी मारणाऱ्या माणसाला मी हाक मारून विचारलं, "रोव्हर्स कप इथंच व्हायचा ना?" तो नळी तशीच धरून जवळ आला. "हो, इथंच. माझे वडील ग्राउंडवर कामाला होते, ते सांगायचे, पाय ठेवायला जागा नसायची. आता बंद झाला." मग त्यानं मला फाटकाच्या आत दहा पावलं येऊ दिलं. गवतावर वाकून हात लावला. ओलं होतं, आणि प्लास्टिकचं होतं.

रोव्हर्स चषक शेवटचा खेळला गेला तो २०००-०१च्या हंगामात. विजेता मोहन बागान. शंभराहून अधिक वर्षांची स्पर्धा त्यानंतर भरली नाही. ड्युरँड अजून चालू आहे. रोव्हर्स पुन्हा सुरू करावा, आणि करताना त्यात जिल्ह्यांच्या संघांना वाट ठेवावी, हे माझं ठाम मत आहे. मुंबईत चषक असेल आणि बिदरहून किंवा लातूरहून तिथं पोचायची पायरीच नसेल, तर पुन्हा तो आमच्या स्टेशनवरून नुसता निघून जाईल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. बिदर, कलबुर्गी, उदगीर, नांदेड, बीड, जिथं जिथं जुन्या हैदराबाद राज्यातली माणसं आहेत, तिथं ऐंशी-नव्वदीतला कुणी घरात असेल तर त्याला सिटी पोलीसबद्दल विचारा. आनंदानं सांगतील त्यांचंही लिहून घ्या, आणि गोरट्याकडच्या बाबांसारखं कडवटपणानं सांगतील त्यांचंही. जुनं कात्रण, तिकीट, फोटो सापडला तर फेकू नका. हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. माझ्या वडिलांना मी वेळेवर विचारलं नाही.